एकाच खोलीत वारंवार शू करणारा कुत्रा: कारण कसं शोधायचं, सवय कशी मोडायची

हॉलमध्ये करत नाही, किचनमध्ये करत नाही, खाली नेलं की झाडाच्या आळ्यात व्यवस्थित करतो, आणि तरी मागच्या बेडरूममध्ये कपाटाजवळ दर दोन-तीन दिवसांनी डबकं सापडतं. ठाणे-नवी मुंबईत फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. घरभर करणारं पिल्लू आणि एकच खोली धरून बसलेला मोठा कुत्रा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पिल्लाला अजून शिकवलेलं नसतं. मोठ्याला शू कुठे करायची हे पक्कं ठाऊक असतं, फक्त त्याच्या हिशोबात खालच्या झाडाबरोबर ती खोलीही धरलेली असते. ती खोली त्या हिशोबात कशी आली हे शोधल्याशिवाय ती बाहेर काढता येत नाही.

काढायची म्हणजे तीन कामं एकाच वेळी चालवायची: त्या जागेतला वास मुळापासून घालवणं, खोली काही आठवडे बंद ठेवणं, आणि योग्य जागी शू करणं कुत्र्याला फायद्याचं वाटेल असं करणं. बहुतेक घरांत यांतलं एकच होतं. कुणी आठवडाभर दार लावून ठेवतं पण लादीतला वास तसाच राहतो. कुणी महागडं क्लीनर आणतं पण दार सताड उघडं. पंधरा दिवसांत गाडी मूळपदावर येते आणि कुत्रा हट्टी ठरतो.

सुरुवात तब्येतीपासून

आधी नीट वागणारा कुत्रा दोन-चार दिवसांत अचानक घरात करायला लागला तर पहिली शंका आजाराची. मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कुशिंग (एक संप्रेरकांचा आजार) यांत शू वाढते किंवा रोखून धरता येत नाही. त्वचेच्या खाजेसाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असेल तर तहान आणि शू दोन्ही वाढणं अपेक्षितच असतं. हे औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

पाणी मोजणं घरी सहज जमतं. सकाळी मापाच्या बाटलीने वाडगं भरा, दिवसभर जेवढं घालाल तेवढं लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं वजा करा. असं तीन दिवस. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी पितो. उन्हाळ्यात थोडं जास्त, आणि दूध-भात किंवा ओलं खाणं असेल तर कमी. किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं, म्हणजे २० किलोचा कुत्रा रोज दोन लिटरपेक्षा जास्त पीत असेल, तर शिकवणीच्या आधी रक्त आणि लघवीची तपासणी. लघवीचा नमुना सकाळच्या पहिल्या शूचा, मधल्या धारेचा, स्वच्छ कोरड्या डबीत घ्या. मादीच्या खाली लांब दांड्याची पळी अलगद सरकवली की काम होतं. तास-दोन तासांत पोचवता येत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा.

काही लक्षणांत थांबायचं नसतं. नर सारखा पाय उचलतोय आणि थेंबच पडतोय, तर मार्ग अडलेला असू शकतो. नसबंदी न झालेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिते, सुस्त पडते, खालून स्राव येतो, तर पायोमेट्राची, म्हणजे गर्भाशयात पू झाल्याची शंका. दोन्हींत त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर ताप, उलट्या, खाणं बंद आणि शूच्या प्रमाणात बदल दिसला तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) विचार करावा लागतो. तो कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो, म्हणून अशा काळात डबकं हातमोजे घालूनच पुसायचं.

आणखी एक, नसबंदी झालेली मादी झोपेत गळत असेल तर ती सवय नव्हे. ती उठते तेव्हा गादी ओली असते आणि तिला स्वतःला पत्ता नसतो. यावर औषध आहे आणि ते बहुतेक वेळा चांगलं लागू पडतं. तिला रागावणं हा निव्वळ अन्याय आहे.

ती खोलीच का?

सात दिवस एका वहीत लिहा: वेळ, खोलीत नेमकी कुठे, चमचाभर की वाटीभर, आडव्या जागी की उभ्या वस्तूवर, त्याआधी शेवटचं खाली कधी गेला होता, त्या वेळी घरात कोण होतं. कंटाळवाणं काम आहे, पण अर्धं निदान या वहीतच होतं.

सगळ्यात जास्त दिसणारं कारण बाल्कनीचं. पिल्लू घरी येतं दीड-दोन महिन्यांचं. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, डॉक्टर खाली सोडू नका म्हणतात. मग बेडरूमच्या बाल्कनीत वर्तमानपत्र किंवा पॅड टाकलं जातं आणि पिल्लू तिथे शिकतं. पुढे बाल्कनी खोलीत घेतली जाते, किंवा आतबाहेर एकसारखी दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड लादी बसते, किंवा एसीसाठी रात्री सरकतं दार बंद होतं. कुत्रा त्याच्या शौचालयापर्यंत येतो, दार बंद दिसतं, आणि दारासमोरच उरकतो. त्याच्या दृष्टीने तो बरोबर जागी आला आहे. डबकं नेहमी सरकत्या दारापासून दोन-तीन फुटांत असेल तर कारण हेच समजा. अशा कुत्र्याला गुळगुळीत लादीवरच करायची सवय लागलेली असते, म्हणून खाली मातीवर तो वास घेत फिरत राहतो आणि वर आल्यावर मोकळा होतो.

दुसरं कारण, खोली वापरातच नसते. पाहुण्यांची खोली, मुलगा परगावी गेल्यावर बंद पडलेली खोली, इस्त्रीचे कपडे ठेवायची खोली. कुत्रा जिथे खातो, झोपतो, माणसांजवळ लोळतो ती जागा शक्यतो घाण करत नाही. जिथे तो कधी बसतच नाही ती जागा त्याला घराबाहेरचीच वाटते.

तिसरं कारण मनाला लागेल असं आहे. हॉलमध्ये केल्यावर ओरडलं, नाक घासलं, वर्तमानपत्राने मारलं, त्यातून कुत्रा एवढंच शिकतो की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग तो सगळ्यात आतली खोली गाठतो, पलंगाच्या पलीकडची बाजू धरतो. ओळखायची खूण अशी की हाच कुत्रा खाली पट्टा बांधलेला असताना तुमच्या शेजारी करायला टाळतो आणि पट्टा सैल सोडला की झुडपामागे जातो. इथे शिक्षा आणखी वाढवली तर खोली आणखी पक्की होते.

डबकं लहान असेल आणि पडद्याच्या टोकावर, कपाटाच्या कोपऱ्यावर, चपलांवर किंवा पाहुण्याच्या बॅगेवर असेल तर ती आपल्या हद्दीची खूण करणं आहे. खोलीची खिडकी गेटाकडे असेल, खालच्या गल्लीतले कुत्रे रात्री भुंकत असतील, तर नर त्याच खिडकीखाली उत्तर देतो. नसबंदीने पुष्कळ नरांमध्ये हे कमी होतं. सवय जुनी असेल तर केवळ नसबंदीने थांबेलच असं नाही. खिडकीला खालून तीन फूट दुधी फिल्म लावल्याने बराच फरक पडतो.

शू फक्त घरात कुणी नसतानाच होत असेल आणि सोबत दार खरवडणं, सतत भुंकणं असेल, तर मूळ दुखणं एकटेपणाची भीती. त्यावर वेगळं काम करावं लागतं. दिवाळीच्या किंवा विसर्जनाच्या आवाजात झालेली शू भीतीचीच. ती मोजणीत धरू नका, फक्त डाग काढा.

वयस्क कुत्र्याचे सांधे दुखतात, गुळगुळीत लादीवर मागचे पाय फाकतात, आणि तो दारापर्यंत येण्याऐवजी सगळ्यात जवळच्या खोलीत थांबतो. त्याच्या झोपायच्या जागेपासून दारापर्यंत घट्ट बसणारी रबरी पट्टी टाका. मात्र काही कुत्र्यांना पायपुसणं आणि बाथमॅट हीच आवडती जागा असते. वहीत 'मॅटवर' हा शब्द तीनदा आला तर त्या खोलीतल्या सगळ्या मॅट महिनाभर उचला.

डाग शोधणं

डोळ्यांना दिसतो त्याच्यापेक्षा डाग मोठा असतो. यूव्ही टॉर्च घ्या, ३६५ नॅनोमीटरचा मिळाला तर उत्तम. स्वस्तातल्या ३९५ च्या टॉर्चमध्ये जांभळा उजेड फार पसरतो आणि फिकट डाग हरवतात. रात्री पडदे ओढून, दिवे घालवून, जमिनीपासून फूटभर उंचीवर धरा. सुकलेली शू फिकट पिवळट-हिरवट चमकते. कपडे धुण्याची पावडर सांडलेली जागाही चमकते, तिचा रंग निळसर-पांढरा असतो. शंका आली तर वाकून वास घ्या. प्रत्येक जागेभोवती खडूने गोल काढा. सांधे, स्कर्टिंगची वरची कड, पलंगाच्या बॉक्सचा खालचा काठ, दाराच्या चौकटीचा पाय आणि भिंत गुडघ्याच्या उंचीपर्यंत, एवढं बघायचंच.

साफ करणं: बहुतेक चुका इथे होतात

लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, उग्र वास त्याचा. बाकीचे वासाचे घटक सांध्यांत, लाकडात मुरून बसतात आणि हवेत दमटपणा आला की पुन्हा वर येतात. म्हणून मार्चमध्ये 'गेला' म्हटलेला वास जूनमध्ये परत येतो. फिनेलचा तीव्र वास आपल्या नाकाला खालचा वास झाकल्यासारखा वाटतो. कुत्र्याच्या नाकाला दोन्ही वास वेगवेगळे कळतात. काळं फिनेल तर वापरूच नये. त्यातले घटक पंजांवरून जिभेवर जातात आणि कुत्र्या-मांजरांना विषारी असतात.

पहिली चूक पोछ्याची. लादी पुसायला येणाऱ्या मावशी बादलीतल्या एकाच पाण्यात, एकाच फडक्याने सगळं घर पुसतात. डबक्यावरून फिरलेलं फडकं तोच वास पातळ करून पुढच्या खोलीत नेतं. त्यांना नीट सांगून ठेवा: डबकं दिसलं तर हात लावायचा नाही, आधी हाक मारायची. ती जागा वेगळ्या कागदाने टिपून, वेगळ्या फडक्याने साफ झाल्यावर मगच पोछा. आणि उपचार चालू असेपर्यंत त्या खोलीत फिनेल किंवा जंतुनाशक नको, कारण त्याने एन्झाइम क्लीनरमधले (वासाचे घटक मुळापासून मोडणाऱ्या द्रवातले) जिवाणू आणि एन्झाइम निकामी होतात.

क्रम असा. ताजं डबकं वर्तमानपत्राने किंवा टिश्यूने दाबून टिपा, घासू नका. गार पाण्याने एकदा पुसून कोरडं करा. कापडावर, गादीवर गरम पाणी किंवा वाफ नको, डाग पक्का बसतो. मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइम क्लीनर ओता. फवारून भागत नाही, जेवढी शू झाली असेल त्याच्या दीडपट तरी द्रव त्या जागी जायला हवा. बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. नुसत्या लादीवर १५-२० मिनिटं पुरतात, पण सांध्यांसाठी जागा काही तास ओली राहायला हवी. पंख्याखाली ते दहा मिनिटांत सुकतं आणि काम अर्धवट राहतं, म्हणून वर ओलं फडकं आणि त्यावर प्लॅस्टिक टाका. रात्री लावून सकाळी काढणं सोयीचं पडतं. जुन्या डागाला लागोपाठ तीन रात्री.

एन्झाइम क्लीनर मिळत नसेल तर केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. आपल्याकडे ते सहसा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. अर्धा लिटर मिश्रणात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. लगेच वापरा, उरलेलं ओतून टाका. झाकण लावून ठेवलं तर आत वायू साठून बाटली फुटते. रंगीत पडद्यावर, गादीच्या कव्हरवर आधी कोपऱ्यात लावून बघा, रंग उडतो. एन्झाइम आणि पेरॉक्साइड एकाच दिवशी वापरू नका, दुसरं पहिल्याला मारतं.

लादी कुठली आहे त्यावर पुढचं ठरतं. घोडबंदर रोड, खारघरच्या नव्या इमारतींत व्हिट्रिफाइड लादी असते. ती स्वतः काही शोषत नाही, सगळी गोम सांध्यातल्या व्हाइट सिमेंटमध्ये. तीन रात्रींनंतरही नाक लावल्यावर वास येत असेल तर तेवढ्या भागातला सांधा दोन-तीन मिलिमीटर खरवडून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न शोषणारा मसाला, भरा. दोन भाग मिसळल्यावर ते लवकर घट्ट होतं, म्हणून एकदम सगळं कालवू नका, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी लागू देऊ नका. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको घरांत मोझॅक, नौपाड्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी किंवा कोटा सापडतो. या लाद्या थोडं शोषतात, म्हणून क्लीनर दुप्पट वेळ ठेवावं लागतं. यांवर आणि संगमरवरावर व्हिनेगर किंवा लिंबू अजिबात नको. चुनखडीचे दगड आम्लाने झिजतात आणि खरबरीत झालेली जागा पुढच्या वेळी जास्त शोषते. सांधे पांढरे करायला टॉयलेटचं ॲसिड ओतणारेही आहेत, त्याने सिमेंटच झिजतं. ब्लीच तर शूवर कधीच ओतू नका, अमोनियाशी मिसळून निघणारा वायू छातीला बाधतो.

स्कर्टिंग आणि लादी यांच्यातली बारीक फट हे हमखास विसरलं जाणारं ठिकाण. सिरिंजने एन्झाइम आत सोडा, दोन दिवस सुकू द्या, मग सिलिकॉन सीलंटने फट बंद करा. आधी बंद केली तर वास आतच कोंडतो. पलंगाच्या बॉक्सची प्लायवूडची कड फुगली असेल तर पॉलिश पेपरने घासून, साफ करून, पूर्ण वाळल्यावर पॉलिशचे दोन हात द्या. भिंतीचा डिस्टेंपर ओला होऊन पापुद्रे निघत असतील तर तेवढा भाग खरवडून खालून दोन फूट ऑइल पेंटची पट्टी मारणं पुसायला सोपं जातं. गादी कापसाची असेल आणि तीच जागा अनेकदा भिजली असेल तर पिंजून घेण्याआधी त्या भागातला कापूस काढून टाकायला सांगा. फोमच्या गादीत द्रव खाली पसरत जातो, वरचा डाग वाटीएवढा तर आतला ताटाएवढा. क्लीनर त्या हिशोबाने ओता आणि पावसाळ्यात पंख्याखाली उभी करून किमान दोन-तीन दिवस वाळवा.

इथेच काही गोष्टी निक्षून सांगायला हव्यात. डांबरगोळ्या, कापूर, निलगिरीचं तेल, टी ट्री तेल कुत्रा लांब राहील या आशेने लोक कोपऱ्यात ठेवतात. कुत्र्याने डांबरगोळी किंवा कापूर खाल्ला तर जिवावर बेततं. मिरची पूड डोळ्यांत आणि नाकात जाते, आग होते, आणि तो फूटभर सरकून करतो. लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्यांचा कुत्र्यावर काही परिणाम होत नाही, त्यांवर घालवलेले आठवडे मात्र सवय मुरायला मदत करतात.

खोली बंद, चार आठवडे

घरात झालेली प्रत्येक शू हा त्या सवयीचा आणखी एक सराव असतो. म्हणून चार आठवडे त्या खोलीत तो एकटा जाताच कामा नये. दार लावा. दार लागत नसेल किंवा येजा फार असेल तर लहान मुलांसाठी मिळणारं जाळीचं फाटक बसवा. घरातले सगळे त्याच खोलीत झोपत असतील तर कुत्रा आत येताना पट्टा बांधलेला, पट्ट्याचं टोक पलंगाच्या पायाला, लांबी एवढीच की तो त्याच्या गादीवर वळू शकेल. बांधलेला असताना कुणीतरी त्याच खोलीत हवंच. मे महिन्यात एसीची खोली तीच असेल तर त्याला उकाड्यात बाहेर ठेवणं योग्य नाही, हाच बांधून ठेवायचा मार्ग धरा.

या काळात घरात पुन्हा झालं तर पकडून ओरडायचं नाही. होताना दिसलं तर टाळी वाजवून लक्ष वेधा, लगेच दाराकडे न्या. नंतर सापडलं तर गुपचूप साफ करा. झालेल्या डबक्याचा आणि आताच्या रागाचा संबंध कुत्र्याला लागत नाही.

खाली काय बदलायचं

कुत्र्याने शू केली की लगेच मागे वळून लिफ्ट पकडायची, ही चूक जवळपास प्रत्येक घरात होते. सकाळी ऑफिसची घाई असते, समजण्यासारखं आहे. पण कुत्रा शिकतो की शू केली की फिरणं संपतं, आणि तो ती लांबवत राहतो. उलट करा. आधी एका ठरलेल्या जागी दहा मिनिटं उभं राहायचं, फिरायचं नाही. केली की दोन सेकंदांच्या आत, तिथेच, बारीक तुकडे केलेलं उकडलेलं चिकन किंवा पनीर. वर आल्यावर दिलेला खाऊ लिफ्टमधून बाहेर आल्याबद्दलचा ठरतो. मग मोकळं फिरणं. दहा मिनिटांत नाहीच केली तर वर या, पट्टा काढू नका, जवळ बसवा, १५-२० मिनिटांनी पुन्हा खाली.

शब्द एकच ठरवा. आजी 'शू शू' म्हणतात, मुलगा 'सू कर' म्हणतो, आई हिंदीत सांगते, असं नको. तो करत असताना हलक्या आवाजात तोच शब्द म्हणत राहायचा. दोन-तीन आठवड्यांत त्या शब्दावर काम व्हायला लागतं.

मोठ्या कुत्र्याला दिवसातून किमान चार फेऱ्या: उठल्या उठल्या, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्याआधी अगदी शेवटची, साधारण साडेदहा-अकराला. दुपारची फेरी बुडते आणि चार-पाचच्या दरम्यान बेडरूममध्ये डबकं, हे वहीत ठळक दिसतं. त्या एका फेरीसाठी पगारी माणूस ठेवणं नव्या गादीपेक्षा स्वस्त पडतं. रात्रीची शू अडवायची म्हणून पाणी तोडू नका, इथल्या दमट उकाड्यात ते घातक आहे.

पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर) फरशी असलेल्या टॉवरमध्ये माती शोधावी लागते. लादीची सवय लागलेल्या कुत्र्यासाठी शूने ओला झालेला कागदाचा तुकडा नेऊन निवडलेल्या आळ्यात ठेवा, वासाने त्याला जागा कळते; काम झाल्यावर कागद उचला. गेटाजवळ गल्लीतली टोळी भुंकत असेल तर भेदरलेला कुत्रा तिथे मोकळा होत नाही, वर आल्यावरच होतो. अशा वेळी दुसऱ्या गेटाने जा, पन्नास पावलं पुढे जा, पण शांत कोपरा शोधाच. नवी मुंबईच्या सेक्टरांत हे तुलनेने सोपं जातं.

शीची अडचण असेल तर जेवण दोन ठराविक वेळांना द्या आणि जेवल्यावर अर्ध्या तासात खाली न्या. दिवसभर भरलेलं ताट ठेवलं की वेळेचा अंदाज लागत नाही.

पाऊस आणि घरातली दुसरी जागा

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर अनेक कुत्री ओल्या गवतावर पाय ठेवत नाहीत आणि सुटलेली खोली परत धरतात. त्यासाठी बाथरूममध्ये एक मान्य जागा शिकवून ठेवणं शहाणपणाचं. बाल्कनीपेक्षा बाथरूम बरी, कारण तिथे नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जायची जाळी, असतो. बाल्कनी धुतली की पाणी खालच्या मजल्यावर ठिबकतं आणि भांडण ओढवतं.

दोन बाय तीन फुटांचा, दोन-अडीच इंच उंच काठाचा प्लॅस्टिकचा ट्रे घ्या, एका टोकाला भोकं पाडा, ते टोक ट्रॅपकडे आणि दुसऱ्या टोकाखाली लाकडाची पट्टी, म्हणजे उतार मिळेल. वर खऱ्या लॉनचा तुकडा, घोडबंदर रोडवरच्या नर्सऱ्यांमध्ये विचारा. प्रत्येक वेळी मग्गाभर पाणी, दोन-तीन दिवसांनी एन्झाइम. दोन-तीन आठवड्यांत गवत पिवळं पडतं, तुकडा बदला. पायाखालचा स्पर्श खोलीतल्या लादीपेक्षा वेगळा हवा, हे या ट्रेचं खरं काम. गुळगुळीत लादीवर नुसता पॅड टाकलात तर बेडरूमची लादी आणि ही जागा पुन्हा एकच होतात. शिकवायची पद्धत खालच्यासारखीच: पट्टा, तोच शब्द, दहा मिनिटं, तिथेच खाऊ.

खोली परत उघडणं

सलग चार आठवडे घरात एकही डबकं नसेल तरच. एकदम दार उघडून टाकू नका, सगळ्यात जास्त मेहनत इथे वाया जाते.

पहिले चार-पाच दिवस खालून शू करून आल्या आल्या, पट्टा बांधून, पाच मिनिटं आत. जिथे तो शू करायचा नेमक्या त्याच जागी त्याचं ताट ठेवा आणि रोजचं एक जेवण तिथेच द्या. पुढच्या आठवड्यात जेवणानंतर त्याच जागी त्याची गादी, हाडूक किंवा चावायचं खेळणं, आणि तुम्ही शेजारी पुस्तक घेऊन पंधरा-वीस मिनिटं. खोली त्याच्या खाण्या-झोपण्याची झाली की ती घाण करायची जागा राहत नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या, स्वतःच्या घाणीत झोपावं लागलेल्या पिल्लांना जागा स्वच्छ ठेवायची ही ओढ कमी असते, त्यांना दुप्पट वेळ द्या. तिसऱ्या आठवड्यात पट्ट्याविना, पण तुम्ही असताना. चौथ्यात दार उघडं ठेवून तुम्ही शेजारच्या खोलीत, दर पाच मिनिटांनी नजर. आत जाऊन तो जमिनीला नाक लावून गोल फिरायला लागला तर वाट बघू नका, खाली न्या, आणि त्या जागेवर पुन्हा टॉर्च मारा. बहुधा एखादा सांधा राहिलेला असतो.

मध्ये एकदा घसरला तर एकच पायरी मागे या, पहिल्यापासून नको. दोनदा घसरला तर वही पुन्हा काढा आणि कारणाच्या भागाकडे वळा. बहुतेक वेळा दुपारची फेरी बुडलेली असते किंवा लादी पुन्हा फिनेलने पुसली गेलेली असते.

ट्रेची शिकवण मे महिन्यातच सुरू करा. ऊन असताना, घाई नसताना तो पटकन शिकतो. पावसाने कोंडल्यावर, अडलेल्या शूसह शिकायला लावलं तर बेडरूमचं दार उघडं सापडताच तो तिकडेच धावतो.